काचमासा ड्यूटीवर आहे

हे लिहिणार नव्हतो. खरंच. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. बुडबुड्या म्हणाला, लिहू नकोस, माझा धंदा बसेल. साहेबांना विचारलंच नाही, कारण ते काय म्हणणार हे मला पाठ आहे: "विभागाची प्रतिमा, बाबा, विभागाची प्रतिमा." मग वाटलं, एवढ्या लोकांना जी गोष्ट लिहायला नकोय, ती लिहून टाकलेली बरी. तर घ्या.

मी पाणीपुरवठा विभागात काचमासा निरीक्षक आहे. हसू नका. कंत्राटी असलो तरी पद मंजूर आहे, गळ्यात ओळखपत्र आहे, आणि ओळखपत्रावर माझ्या फोटोशेजारी माशाचाही फोटो आहे. फोटो माशाचा जास्त चांगला आलाय.

काचमासा म्हणजे उष्ण मुलखातल्या वाहत्या नदीत राहणारा बोटाएवढा मासा. त्याला रंग नाही. कातडी असून नसल्यासारखी. आतला काटा न् काटा दिसतो, सकाळी काय खाल्लं तेही दिसतं. पाणी चांगलं असेपर्यंत तो असाच आरपार राहतो. पाणी बिघडलं की अंगात दूध फिरल्यासारखा पांढरा होतो, आणि एकदा पांढरा झाला की फार वेळ टिकत नाही. त्याला एवढंच येतं. लपवाछपवी जमत नाही, वेळ मारून नेता येत नाही. त्यामुळे सरकारी नोकरीत तो पहिल्यापासून उपराच.

नोकरीत त्याला कुणी घेतलं? आमच्या विभागात पूर्वी एक इंजिनिअर होते. त्यांनी कार्यालयाच्या दर्शनी हॉलमध्ये काचेची मोठी टाकी बसवली. गावाला पाणी नेणाऱ्या मोठ्या पाइपाला एक बारीक नळी जोडली, मध्ये पितळेचा कॉक, आणि ती नळी टाकीत सोडली. वर पाटी रंगवली: "जे पाणी गावाला, तेच माशाला." नियम एका ओळीचा. मासा पांढरा पडला की मोठा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि गावाला कळवायचं. मग ते इंजिनिअर निवृत्त झाले. टाकी मात्र निवृत्त होईना, तेव्हा तिच्याकडे बघायला माणूस हवा म्हणून मला घेतलं.

माशांचं मला जे कळतं ते बुडबुड्याच्या दुकानात बसून आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून. बुडबुड्या माझा दोस्त. त्याचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. दिवसभर हवेच्या मोटारी चालू, सगळीकडे बुडबुडे, म्हणून हे नाव. त्याची आई म्हणजे काकू. मी लहानपणापासून त्यांच्याकडेच पडलेला, त्यामुळे काकूंना दोन मुलं आहेत असं त्या स्वतःच लोकांना सांगतात. एक मासे विकतो, एक मासे बघतो. "विकणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याची नोकरी बरी," असंही बुडबुड्यासमोर सांगतात. तो बिचारा मोटारीचा आवाज वाढवतो.

तर एके दिवशी सकाळी हॉलमध्ये आलो आणि बघतो तर मासे पांढरे. मी साहेबांच्या केबिनकडे धावलो.

"साहेब, मासे पांढरे पडलेत."

"किती?"

"सगळे."

"सगळे?" साहेबांनी चष्मा पुसला. "सगळे म्हणजे पंचाईत झाली. थोडे पांढरे, थोडे आरपार असते, तर तुलना करता आली असती."

"व्हॉल्व्ह बंद करायचा ना?"

"कुठला?"

"गावाचा. नियम आहे."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना खिडकीतून उडी मारायला सांगितलंय. मग फार प्रेमाने समजावलं. "हे बघ बाबा. व्हॉल्व्ह बंद केला की लोक विचारणार, का बंद केला? पाणी खराब आहे म्हटलं की विचारणार, कशाने झालं? एका प्रश्नाला दहा फांद्या फुटतात. त्यापेक्षा मुळावर घाव घालायचा. मासा बदल."

पाणी कशाने खराब झालं हे तसं सगळ्यांना माहीत होतं. नदीच्या वरच्या अंगाला नवी वसाहत झाली होती आणि तिची सगळी घाण एका नाल्यातून नदीत येत होती. विभागाने याची गंभीर दखल घेऊन नकाशात त्या नाल्याला उपनदीचा दर्जा दिला होता. उपनदीचं पाणी नदीत येणं हा निसर्गाचा क्रम. त्यात विभाग काय करणार?

बुडबुड्याकडून नवे मासे आणले. दुसऱ्या दिवशी तेही पांढरे. पुन्हा आणले, पुन्हा पांढरे. बुडबुड्या म्हणाला, "तुम्ही मासे पाळताय का तळताय?"

मग साहेबांनी समिती नेमली. समितीपुढे विषय होता, आजारी कोण: मासा की पाणी? समितीने पाण्याला काही विचारलं नाही, कारण पाणी विभागाचं होतं आणि आपल्याच माणसाची चौकशी करणं बरं दिसत नाही. माशाकडे मात्र खोलात जाऊन बघितलं. निष्कर्ष आला: सदर मासा गरजेपेक्षा जास्त संवेदनशील असून त्याच्या अंगी सहनशीलतेचा अभाव आढळतो. याच पाण्यावर नागरिक कुरकूर न करता जगत असताना, माशाने पांढरं पडणं हे शिस्तीला धरून नाही.

माशाला नोटीस देता येत नव्हती. म्हणून मला दिली.

मला वाटलं, आता टाकी जाणार, माझी नोकरी जाणार. पण साहेब उगाच साहेब झाले नाहीत. त्यांनी एका सकाळी टाकीसमोर उभं राहून चहा पिता पिता विचार केला आणि मला हाक मारली.

"हा मासा कुणाचा?"

"विभागाचा, साहेब. आपणच घेतला."

"म्हणजे सरकारी मालमत्ता. बरोबर? आणि सरकारी मालमत्तेचं रक्षण करणं हे आपलं?"

"कर्तव्य."

"मग तू हे असलं पाणी सरकारी मालमत्तेच्या अंगावर सोडतोस कसा?"

मी म्हणालो, "साहेब, हेच पाणी लोक पितात."

"लोक," साहेब कप खाली ठेवत म्हणाले, "सरकारी मालमत्ता नाहीत."

त्याच दिवशी पितळेचा कॉक बंद झाला. त्यावर लाल कापड बांधून लाख लावली. माशांसाठी बाहेरून शुद्ध पाण्याचे जार सुरू झाले. टाकीला नवा फिल्टर आला, हवेची नवी मोटार आली, पाणी कोमट ठेवायला हीटर आला. वरची पाटी रंग द्यायला म्हणून काढली, ती अजून रंगतेय. नवे मासे दोन दिवसांत असे खुलले की काही विचारू नका. आतल्या काट्यांची सावली मागच्या भिंतीवर पडायची.

आणि नियम? नियम जागच्या जागी होता. मासा पांढरा पडला तर व्हॉल्व्ह बंद करायचा. मासा आता पांढरा पडत नव्हता. म्हणजे पाणी उत्तम होतं.

यावर साहेब थांबले असते तर ते इथेच राहिले असते. पण त्यांना वर जायचं होतं. त्यांनी टाकीसमोर कॅमेरा लावला आणि विभागाच्या ॲपवर माशाचं थेट प्रक्षेपण सुरू केलं. "पिण्याआधी बघा," असं त्याचं नाव. लोक सकाळी उठून मोबाइल उघडायचे, मासा आरपार दिसला की नळाखाली तांब्या धरायचे. पाण्याला वास येतोय अशी कुणी तक्रार केली, तर आमच्याकडून उत्तर जायचं: कृपया मासा बघावा. आणि लोक बघायचे हो! वास घेतलेला विसरून बघायचे. एक आजोबा तर हॉलमध्ये येऊन टाकीला हात जोडून म्हणाले, "माफ कर बाबा, माझंच नाक जुनं झालंय."

मग फॅशन आली. हॉटेलवाल्यांनी दारात काचमासे ठेवले, इमारतीच्या लॉबीत आले, शाळेत आले, सलूनमध्ये आले. घरांच्या जाहिरातीत छापून यायला लागलं: हवेशीर बाल्कनी, स्वतंत्र पार्किंग, आरपार मासा. ज्याच्याकडे मासा नाही, त्याच्याकडे पाहुणे पाणी पिताना जरा थांबायचे. आणि टाकी विकत घेणारा प्रत्येक जण बुडबुड्याला एकच प्रश्न विचारायचा, "पाणी कुठलं घालायचं?"

"जारचं," बुडबुड्या सांगायचा. "नळाचं चालत नाही. मरतात."

"हो का? नाजूकच असतात नाही," असं म्हणून लोक टाकी गाडीत घालायचे, घरी जाऊन माशाला जारचं पाणी द्यायचे आणि मुलांना नळाचं. कुणाच्याही डोक्यात दिवा लागला नाही. लागला असेल तर त्यांनी तो मालवला. मी हे रोज बघायचो, आणि मलाही पगार मिळायचा. बुडबुड्याने दुकानाला दुसरं शटर केलं.

आता काकूंचं.

काकूंचं घर पाइपलाइनच्या अगदी शेवटी. तिथे पाणी पोचेपर्यंत त्यात जे काही असेल ते सगळं गोळा होऊन येतं. बुडबुड्या दुकानात जारचं पाणी प्यायचा, आणि आईने उकळून प्यावं म्हणून मागे लागायचा. काकू ऐकतील तर शपथ.

"उकळू कशाला?" काकू म्हणायच्या. "माझं बाळ तिथे मासा बघत बसलंय. त्याने बघायचं आणि मी उकळायचं? म्हणजे माझा पोरावर विश्वास नाही असं झालं की."

बुडबुड्याने गुपचूप पाणी उकळून माठात भरलं. काकूंनी झाकण उघडलं, वास घेतला, "शिळं झालंय" म्हणाल्या आणि माठ झाडांना ओतून नळाखाली धरला. मग त्याने जार आणला. काकूंनी जाराकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"हे माशांचं पाणी आहे ना? दुकानातलं? मला काय टाकीत सोडणार आहेस?"

बुडबुड्या माझ्याकडे आला. "तू सांग तिला. तुझं ऐकेल."

"काय सांगू?"

"सांग, मासा खोटा आहे."

"मासा खरा आहे रे. पाणी खोटं आहे."

"मग ते सांग!"

"आणि मग काकू विचारतील, तू मासे का विकतोस? मी नोकरी का करतो?"

बुडबुड्याने मोटारीचा आवाज वाढवला. दुकानातल्या मोटारी तेवढ्या बोलत राहिल्या. आमच्यासारख्या समजूतदार पोरांच्या जोरावरच तर विभाग चालतात.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी काकू पडल्या. आधी पोट, मग उलट्या, मग उठून भिंत धरताही येईना. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा बुडबुड्या वॉर्डबाहेर उभा होता आणि त्याच्या हातात काकूंच्या चपला होत्या. खाली ठेवायचं सुचलंच नव्हतं त्याला. आत काकू सलाइनखाली अशा दिसत होत्या, की मला नको ती आठवण झाली. रंग उडालेला. हाताच्या शिरा वरून मोजाव्यात अशा. पांढऱ्या.

डॉक्टर आले. मोठा माणूस, हसरा.

"पोटाचं आहे. पाणी कुठलं पिता?"

"नळाचं," काकू पुटपुटल्या.

"मग पाण्याचा प्रश्न नाही." त्यांनी पेनचं टोपण लावून टाकलं. "मासा ठणठणीत आहे. मी रोज सकाळी बघतो. आपल्या लॉबीतही ठेवलेत, बघितले असतील."

मी बघितले होते. टाकीखाली जारही बघितला होता. वॉर्डातल्या पेशंटच्या तांब्यात मात्र नळाचं होतं.

"डॉक्टर," मी म्हणालो, "पाणीच असेल. एकदा तपासून बघा ना."

"तुम्ही कोण?"

"मी... काचमासा निरीक्षक."

डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला. "अरे वा! मग तुम्हाला मी काय सांगणार?" ते काकूंकडे वळले. "आजी, ताण घेता का?"

"मी कसला ताण घेणार? माझं बाळ सगळं बघतंय."

"तेच ते. फार निश्चिंत राहण्याचाही शरीरावर ताण येतो." आणि त्यांनी तसं लिहून दिलं. सोबत लिहिलं: भरपूर पाणी प्यावं.

बुडबुड्या चपला घेऊन माझ्यामागे जिन्यापर्यंत आला. ओरडला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"ती मेली तर तुझ्या साहेबाला काय फरक पडतो? ती मालमत्ता नाही ना."

मी जिना उतरलो. मनात एक ठरवलं होतं.

त्या आठवड्यात आमच्याकडे मोठा कार्यक्रम होता. वरून संचालक मॅडम येणार होत्या, विभागाला शुद्ध पाण्याची ढाल द्यायला. हॉल धुतला, खुर्च्यांना पांढरे कपडे घातले, टाकीला रिबन बांधली. सगळं गाव ॲपवर बघणार. साहेबांनी त्या दिवशी नवा टाय घातला होता, त्यावर बारीक मासे.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी टाकीमागे बसलो आणि पितळेच्या कॉकवरची लाख खरवडली. जारची नळी काढली. कॉक उघडला. जे पाणी गावाला, तेच माशाला. माशांकडे मला बघवलं नाही. त्यांचा काय गुन्हा? पण त्या हॉलमध्ये खरं बोलणारे तेवढेच होते, आणि मला बोलणारं कुणीतरी पाहिजे होतं. स्वतः बोलायची हिंमत नव्हती म्हणून माशांना पुढे केलं, असंही म्हणता येईल. बुडबुड्या तसंच म्हणतो.

कार्यक्रम सुरू झाला. साहेब बोलायला उभे राहिले. पारदर्शक कारभार, तळागाळातलं पाणी, वगैरे. त्यांच्या मागे टाकीत पहिला मासा दुधाळ झाला. मग दुसरा. संचालक मॅडम आधी साहेबांकडे बघत होत्या, मग टाकीकडे बघायला लागल्या. खुर्च्यांमध्ये कुजबुज. कॅमेरा चालू. साहेब सहनशीलतेवर आले तोपर्यंत सगळी टाकी पांढरी होती. मी मागे भिंतीला टेकून उभा, मनात म्हणतोय: आता. आता विचारा कुणीतरी.

मॅडमनी विचारलंच. "हे मासे पांढरे कसे झाले?"

साहेब वळले. टाकीकडे बघितलं. मी शप्पथ सांगतो, त्या माणसाची पापणी लवली नाही.

"मॅडम, हीच घोषणा मी शेवटी करणार होतो," साहेब म्हणाले. "माशांनी जरा घाई केली. ही आपली सुधारित जात. जुना मासा आरपार होता. म्हणजे काय, तर त्याच्यात काही नव्हतं. रिकामा. हा बघा. पांढरा शुभ्र. शुद्धतेचा रंग कुठला, मॅडम?"

मॅडमनी घड्याळ बघितलं. त्यांना पुढे अजून एका ठिकाणी ढाल द्यायची होती, गाडी चालू होती. "पांढरा," त्या म्हणाल्या.

टाळ्या! अशा टाळ्या की टाकीतलं पाणी हललं. एक मासा उलटा झाला.

"आणि हा बदल," साहेबांनी हात माझ्याकडे केला, "आपल्या तरुण निरीक्षकाने स्वतःच्या हाताने घडवून आणलाय. ये बाबा, पुढे ये. लाजू नकोस."

त्यांना कॉकचं कळलं होतं. त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. पण शिक्षा करायची तर गुन्हा सांगावा लागतो, आणि गुन्हा काय, तर मी माशाला गावाचं पाणी पाजलं. त्यापेक्षा सत्कार स्वस्त. मला पुढे ओढलं, शाल घातली, हातात फुलं दिली. सगळं गाव बघत होतं. मी तोंड उघडलं. साहेब कानात म्हणाले, "कंत्राट कायम करतोय. बोल, काय बोलायचंय?"

मी म्हणालो, "धन्यवाद."

बास. एवढंच म्हणालो. हा शब्द आता ॲपवर सुरुवातीलाच वाजतो.

नवा नियम दुसऱ्या दिवशी आला. मासा पांढरा असल्यास पाणी शुद्ध समजावं. आरपार दिसल्यास तात्काळ निरीक्षकास कळवावं. झालं, फॅशन बदलली. सगळ्या लॉब्यांना पांढरा मासा पाहिजे. पांढरा करायचा तर नळाचं पाणी लागतं, आणि पांढरा झालेला मासा संध्याकाळपर्यंत जातो, म्हणून रोज नवा लागतो. जार आता रिकामे झाले, त्यांचं लोकांनी काय करावं? छत्र्या ठेवायला घेतले. बुडबुड्याने तिसरं शटर केलं नाही. दुकानात बसून तो मेलेल्या माशांच्या पिशव्या मोजायचा आणि माझ्याकडे न बघता म्हणायचा, "सुधारणा केलीस रे बाबा."

तेवढ्यात काकूंना घरी सोडलं. दवाखान्यातल्या सलाइनच्या बाटलीने त्यांना उभं केलं होतं, आता पुन्हा घरचा नळ. मी ठरवलं, आता खरं सांगायचंच. बुडबुड्याला घेऊन घरी गेलो. काकू पलंगावर उशीला टेकून मोबाइलवर माझा सत्कार बघत होत्या. कितव्यांदा, देव जाणे.

"आलास? शाल कुठेय? घालून यायचं ना!"

"काकू, ऐका. ते सगळं खोटं आहे. पाणी खराब आहे. तुम्ही त्यानेच आजारी पडलात. मासे मेलेत, काकू. पांढरे म्हणजे मेलेले."

काकूंनी माझ्या कपाळाला हात लावला. "ताप नाही," त्या बुडबुड्याला म्हणाल्या. "दमलाय. फार काम करून घेतात त्याच्याकडून."

"आई, तो खरं बोलतोय," बुडबुड्या म्हणाला.

"तू गप. भावाचं चांगलं झालं की तुला बघवत नाही." आणि मला म्हणाल्या, "बाळा, एवढ्या मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं. तू धन्यवाद म्हणालास. मी स्वतः ऐकलं. तुला खोटं बोलता येतं का? लहानपणी साखर खाल्लीस तर तोंड न पुसता यायचास."

बुडबुड्याने डोकं धरलं. मी तिथेच स्टुलावर बसलो. घसा कोरडा पडला होता. दुसरं काही सुचेना म्हणून म्हणालो, "ठीक आहे काकू. पाणी चांगलं आहे ना? मग मला द्या. तुमच्या नळाचं. मोठं भांडं भरून."

काकू उठायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. माझ्याकडे बघितलं. नळाकडे बघितलं. नाक जरासं हललं त्यांचं.

"थांब," त्या म्हणाल्या. "उकळून देते."

बुडबुड्याने धरलेलं डोकं सोडलं.

"का?" मी म्हणालो. "पाणी चांगलं आहे ना?"

"चांगलंच आहे. पण तुझं पोट पहिल्यापासून नाजूक. माझं काय, माझं चालतं." भिंत धरत धरत त्या ओट्यापाशी गेल्या. "आणि तुझ्या एकट्याच्या घोटाला कुठे गॅस जाळू? पातेलंभरच ठेवते." पातेलं ठेवलं. पाणी उकळलं, निवलं. मला मोठं भांडं दिलं. मी प्यायलो. पातेल्यात उरलेलं त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "एवढं वाया कुठे घालवू?" आणि स्वतः प्यायल्या. मग बुडबुड्यालाही दिलं.

अख्ख्या विभागाला, समितीला, ढालीला जे जमलं नाही, ते झालं होतं. स्वतःसाठी त्या उकळणार नाहीत. विश्वासाचा प्रश्न आहे. माझ्यासाठी उकळतील. तो पोटाचा प्रश्न आहे.

त्यानंतर साहेबांनी मला विचारलं, सकाळी ड्यूटीवर उशीर का होतो? मी सांगितलं, फील्डवर असतो. ते खूश झाले.

हे वाचून तुम्ही आता उठाल, पाणी प्याल. प्या. कुठलं ते मी विचारत नाही. तुमच्याकडेही एखादा मासा असेलच: कुणी शिक्का बघतं, कुणी रांगेतल्या पुढच्याकडे बघतं. घरातलं कुणी रोज तेच पाणी पिऊन हळूहळू पांढरं पडतंय का, हे बघायला निरीक्षकाचं पद मंजूर नाही, त्यामुळे ते बघायची गरज नाही.

काकूंनी पाणी उकळलं त्या दिवशी बुडबुड्या मला दारापर्यंत सोडायला आला. पायात चपला नव्हत्या. उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला, "उद्या?"

"उद्याही."

"आणि रविवारी? सुट्टीला? तुझं लग्न झालं, बदली झाली, साहेबाने हाकललं तर?"

"येईन रे," मी म्हणालो. "रोज सकाळी येईन. तहान असो नसो, काकूंच्या दारात तहानलेला येऊन बसेन. शब्द दिला."